नायजेरियाची टीम आणि खालचं बाथरूम

१२ जून १९९४, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. अमेरिकेत, डॅलसजवळ प्लेनोला येऊन सात आठवडे झाले, वेळ फुकट चालला आहे. मुलगा शशिकांत आणि सूनबाई उपासना, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. साडेसातला गाड्या काढतात ते संध्याकाळी सहाला येतात. मधल्या वेळात मी फ्रीजचा आवाज ऐकतो. काल तो दोनदा वेगळा आला.

संकल्प: नायजेरियाच्या फुटबॉल टीमचा इतिहास मराठीत लिहिणे. शशिकांत म्हणाला, कुणीच लिहिलेला नसेल. कुणी वाचणारही नाही, असंही म्हणाला, पण ते उपासनाकडे बघून म्हणाला, म्हणजे माझ्यासाठी नव्हतं.

माहिती देणारा माणूस समोरच्याच घरात आहे. ओकोरो. नायजेरियाचा, पन्नाशीचा, हॉस्पिटलात औषधं देण्याचं काम. मी फिरायला निघालो की अख्ख्या रस्त्यावर तो एकटा थांबून बोलतो. बाकीचे गाडीतून हात करतात. मला ‘पापा’ म्हणतो. त्यांच्यातही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. त्याचं इंग्लिश भरधाव, माझं सातवीपर्यंतचं. आठ आणे समजतं. उरलेले आठ आणे फुटबॉलचे असल्यामुळे आपोआप समजतात.

मी स्वतः नागपूरला मिलच्या टीममध्ये लेफ्ट बॅक होतो. किती मॅच खेळलो ते इथे लिहायची गरज नाही.

रोज दोन पानं. पुस्तक दोनशे पानांचं. दहा जुलैला परतीचं विमान. बसत नाही, पण वेग वाढेल.

१५ जून, बुधवार

पान पहिलं झालं. १९४९ साली यांची टीम बोटीने इंग्लंडला गेली. बरेचसे अनवाणी खेळले. हे ऐकून मी ओकोरोला उजव्या पायाचं नख दाखवलं, जे १९५३ सालापासून वाढत नाही. तो फुटपाथवर खाली वाकून बराच वेळ बघत होता. औषध सुचवलं. मी म्हटलं, औषध नको, हा इतिहास आहे.

स्वातंत्र्याआधी जर्सी लाल होती, नंतर हिरवी झाली. १९८० साली आफ्रिकेचा कप घरच्या मैदानावर जिंकले, यंदा एप्रिलमध्ये परत जिंकले. या महिन्यात इथे अमेरिकेत होणाऱ्या वर्ल्ड कपला मात्र हे पहिल्यांदाच. ओकोरो म्हणाला, पापा, मी पोरगा होतो तेव्हापासून या महिन्याची वाट बघतोय. एवढं बोलून लॉनला पाणी घालणाऱ्या स्प्रिंकलरचं तोंड फिरवत बसला.

लघवीचा त्रास सुरूच. तासाला दोनदा. उपासना डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते म्हणते. नको म्हटलं. वय झालं की पाणी पटकन उतरतं, त्यात डॉक्टर काय करणार?

२१ जून, मंगळवार. संध्याकाळी ५

आज डॅलसला नायजेरिया विरुद्ध बल्गेरिया. ओकोरोकडे माझ्यासाठी तिकीट होतं. गेलो नाही. स्टेडियममध्ये बाथरूम किती लांब, हे तो नक्की सांगेना. शिवाय इतिहास लिहिणाऱ्याने थोडं लांबूनच बघावं.

त्याच दिवशी, रात्री ९

३-०. नायजेरियाचे तीन.

एकही दिसला नाही. तिन्ही वेळा मी खालच्या बाथरूममध्ये होतो. एकविसाव्या मिनिटाला गेलो, बाहेर शशिकांत ओरडला. पायजम्याची नाडी तशीच धरून आलो तर रिप्ले चालू: नऊ नंबरवाला गोलच्या जाळीत हात घालून रडत होता. हाफ टाइमच्या आधी परत गेलो, परत ओरडा. पंचावन्नाव्याला परत. मी बाहेर बसलो असताना काहीच झालं नाही. सव्वा तास निव्वळ पळापळ.

शशिकांत म्हणाला, योगायोग. बरं.

२२ जून, बुधवार

कागदावर मांडलं. तीन गोल, तीन फेऱ्या. इथे स्पष्ट लिहून ठेवतो की मी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेला माणूस आहे. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. नवस, अंगारा, आडवं मांजर, यातलं काही मी घरात येऊ दिलं नाही. शेजारच्या बाईने शशिकांतच्या दंडाला दोरा बांधला, तो मी स्वतः कात्रीने कापला. त्यामुळे ही अंधश्रद्धा नाही. हे निरीक्षण आहे. निरीक्षण वाढवावं लागतं, म्हणून पुढच्या मॅचला परत बघणार.

इतिहास: शून्य पानं. निरीक्षणात वेळ गेला.

२५ जून, शनिवार. संध्याकाळी ६

अर्जेंटिनाशी मॅच. आठव्या मिनिटाला बाथरूममध्ये होतो, नायजेरियाचा गोल. आनंदाच्या भरात बाहेर आलो आणि सोफ्यावर बसलो. बसून राहिलो. एकविसाव्याला अर्जेंटिना, अठ्ठाविसाव्याला अर्जेंटिना. हरलो २-१.

आता शंका उरली नाही. मी आत, फायदा. मी बाहेर, नुकसान. हे सोफ्यावर बसतानाच लक्षात यायला हवं होतं. कुशन मऊ असल्याने उठायला उशीर झाला.

२६ जून, रविवार

ओकोरोला सांगणं कर्तव्य होतं. माझं इंग्लिश या विषयात पुरणार नाही म्हणून शशिकांतला बरोबर नेलं. दारात म्हणतो, बाबा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू. मी म्हटलं, ज्या तोंडाने इंटरव्ह्यू दिलास त्याच.

सांगितलं. मान खाली घालून. ओकोरो हसला नाही. त्याची आई तिकडे एनुगूला पेनल्टीच्या वेळी टीव्हीवर टॉवेल टाकते, म्हणाला. मग एकच प्रश्न विचारला: दार बंद होतं की उघडं?

असा प्रश्न विचारणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. मी म्हटलं, बंद, कडी लावून. त्याने मान हलवली. आम्ही निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, पापा, आता तुम्ही टीममध्ये आहात.

शशिकांत माझी वाट न बघता रस्ता ओलांडून घरात गेला.

२९ जून, बुधवार

उपासनाने न विचारता डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. पाच जुलै, सकाळी साडेअकरा. मी म्हटलं, कॅन्सल कर. नायजेरिया पुढच्या राउंडला गेली तर पाचला दुपारी मॅच आहे. आणि डॉक्टरने गोळी दिली आणि फेऱ्या बंद झाल्या तर जबाबदार कोण?

ती म्हणाली, बाबा, दहा कोटींचा देश आहे, त्यांना ब्लॅडर तुमचंच लागतं का?

शिकलेली मुलगी आहे, हळूहळू समजेल.

३० जून, गुरुवार. रात्री साडेआठ

ग्रीसशी मॅच. पूर्ण वेळ आत. स्टुलावर बसलो. शेवटी पाय बधिर झाले, पण २-०. नायजेरिया ग्रुपमध्ये पहिली.

ओकोरोने रस्त्यात गाडीचा हॉर्न दाबून धरला. कोपऱ्यावरची म्हातारी बाहेर आली. मी हात वर करून तिला शांत केलं.

आतापर्यंत गोल सहा. सहाच्या सहा वेळा मी आत. एवढा चोख रेकॉर्ड त्यांच्या गोलकीपरचाही नाही.

२ जुलै, शनिवार

पाच तारखेला इटली. हरली ती घरी. ओकोरोने त्याची माणसं बोलावली आहेत, पंचवीस तरी. मलाही बोलावलं, म्हणजे मॅचला नाही, बाथरूमला. त्यांचं खालचं बाथरूम फक्त माझ्यासाठी. बाकीच्यांनी वर जायचं. उपासनाला अपॉइंटमेंट बदलावीच लागली.

संकल्प: पाच तारखेला बारा ते संपेपर्यंत आत राहणे. कुणी काहीही सांगितलं तरी कडी न काढणे. बरोबर नेण्याच्या वस्तू: स्टूल, पाण्याची बाटली, चष्मा, इतिहासाची वही. वेळ सत्कारणी लागेल, तिथेच वीस पानं होतील.

ओकोरोने आज एक गोष्ट सांगितली. १९७७ साली लागोसला वर्ल्ड कपच्या दारात मॅच होती. नायजेरियाच्या एका खेळाडूने डोक्याने बॉल आपल्याच गोलात घातला. वर्ल्ड कप गेला. लोक ते अजून विसरलेले नाहीत. त्या माणसाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. ओकोरो म्हणाला, त्याला रोज सकाळी उठावं लागतं.

घरी येऊन बाथरूमची कडी दोनदा लावून बघितली.

४ जुलै, सोमवार

सगळीकडे फटाके. मी सराव केला. घरच्या बाथरूममध्ये सलग एक तास दहा मिनिटं. शशिकांतने तीनदा विचारलं, बाबा ठीक आहात ना. कडी काढली नाही. मनाची तयारी पूर्ण आहे.

५ जुलै, मंगळवार. सकाळी साडेअकरा

निघतो. पॅन्टऐवजी पायजमा, वेळ वाचतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ४

लिहायला हात होत नाही. तरी क्रमाने लिहितो.

बाराला आत गेलो. बाथरूम छान, टॉवेलवर फुलं. बाहेर त्यांची माणसं, हिरव्या टोप्या, भाताचा आणि तिखटाचा वास. दर पाच मिनिटांनी ओकोरो दारावर एक टकटक करायचा, म्हणजे सगळं ठीक. पंचविसाव्या मिनिटाला घर हललं. आरशामागच्या कपाटातून टूथब्रश पडला. १-०. ओकोरो दाराबाहेरून ओरडला, पापा, यू आर डुइंग वेल. मी आतून थँक यू म्हटलं.

हाफ टाइमला मिसेस ओकोरोंनी दार थोडं उघडायला लावून भाताची प्लेट आत दिली. बाथरूममध्ये जेवणं आमच्यात बसत नाही. पण टीममध्ये आहे म्हटल्यावर खाल्लं. फार तिखट, चांगला होता.

पंचाहत्तराव्याला इटलीचा एक माणूस बाहेर काढला. म्हणजे दहाच राहिले. बाहेर गाणी सुरू झाली. त्यांच्या भाषेतली, पण जिंकल्याची आहेत हे समजत होतं. इतिहासाच्या वहीत मी शेवटचं प्रकरण सुरू केलं: ‘अशा प्रकारे इटलीचा पराभव करून.’

सत्त्याऐंशीव्याला दारावर टकटक. ओकोरोची नव्हती. दुसरीच, घाईची. ओकोरोचे मामा, ह्यूस्टनहून आलेले, माझ्याच वयाचे, देह मोठा. वरची दोन्ही बाथरूमं भरलेली होती आणि जिना चढण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. प्लीज पापा, म्हणाले. हा आवाज मला माहीत आहे. हा आवाज मी स्वतः काढलेला आहे, नागपूर स्टेशनवर.

माणुसकी म्हणून कडी काढली. हे माझं कारण आहे आणि ते कुणालाही पटेल.

पण इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मामांनी टकटक केली तेव्हा माझा हात आधीच कडीवर होता. चार मॅच झाल्या, नायजेरियाचा एकही गोल डोळ्यांनी बघितला नव्हता. शेवटची शिट्टी तरी बघावी, एवढंच.

ते आत गेले. मी बाहेर आलो. माणसांच्या खांद्यांमधून टीव्ही दिसला. हिरव्या शर्टांची टीम पहिल्यांदा एवढी मोठी दिसली. इटलीच्या एकाने बॉल खाली, कोपऱ्यात सारला. १-१.

मी मागे वळलो तर बाथरूममध्ये मामा. दार वाजवलं. ते म्हणाले, वन मिनिट. ते मिनिट मी विसरणार नाही.

एक्स्ट्रा टाइमला परत आत गेलो, कडी लावली, डोळे मिटले. तरीही पेनल्टी. २-१. मी आत असताना गोल झाला, यावरून निरीक्षण चूक होतं असं कुणी म्हणेल. तसं नाही. एकदा जोडणी तुटली की परत बसत नाही. मिलमध्ये पट्टा सुटला की असंच व्हायचं.

संपल्यावर मागच्या दाराने घरी आलो. स्टूल तिथेच राहिलं.

रात्री ८

जेवलो नाही. शशिकांत म्हणाला, बाबा, गेम आहे. उपासना जवळ येऊन बसली. म्हणाली, ओकोरोंनाही कळतं की तुम्ही मुद्दाम नाही केलं. म्हणजे केलं, हे तिलाही मान्य आहे.

ओकोरोच्या घराचे दिवे लवकर बंद झाले. एक माणूस होता जो थांबून बोलायचा.

संकल्प: उद्या सकाळी जाऊन कबूल करणे. उपासनाकडून इंग्लिश लिहून घेतलं: आय केम आउट. इट वॉज माय फॉल्ट. पाचदा म्हटलं.

६ जुलै, बुधवार. सकाळी १०

गेलो. ओकोरो गराजमध्ये खुर्च्या घडी करत होता. आज रजा. डोळे सुजलेले. मी सरळ उभा राहिलो आणि दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली.

ओकोरोने खुर्ची खाली ठेवली. म्हणाला, पापा, रांगेत उभे राहा.

मग सांगत गेला. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट मामांनी घेतलं आहे. आपण बाथरूमला गेलो म्हणून गोल झाला, असं म्हणत ते ह्यूस्टनपर्यंत रडत गेले, वाटेत दोनदा गाडी थांबवून फोन केला. पेनल्टी मिसेस ओकोरोंकडे आहे, त्यांनी एक्स्ट्रा टाइमला डोक्यावरचा हिरवा रुमाल सोडला. एनुगूहून सकाळी आईचा फोन होता. तिने पंच्याऐंशीव्या मिनिटाला प्रार्थना थांबवली आणि आभार मानायला सुरुवात केली, त्यामुळे सगळंच तिचं आहे असं ती म्हणते, आणि तिच्याशी वाद घालायची घरात कुणाची हिंमत नाही. लागोसचा भाऊ, अटलांटाची बहीण, तो स्वतः. दहा कोटी माणसं, पापा, आणि गोल दोनच.

मी विचारलं, मग माझं काय?

तुमचं काही नाही, तुम्ही मोकळे, म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिथेच उभा राहिलो. गराजमध्ये ऊन यायला लागलं तरी जागचा हललो नाही. म्हटलं, मी टीममध्ये होतो. कडी मी काढली. मामांनी फक्त दार वाजवलं.

ओकोरोने माझ्याकडे बघितलं. मग खरोखर विचार केला, वर बघून, बोटं मोजून. शेवटी म्हणाला, पहिल्या हाफमध्ये आमचा एक थ्रो-इन चुकला होता, भलत्याच माणसाकडे गेला. त्यातून पुढे काही झालं नाही. तो अजून कुणी घेतलेला नाही.

मी म्हटलं, तो द्या.

दिला. हात मिळवला. घरी येऊन इतिहासाच्या वहीतलं शेवटचं प्रकरण खोडलं आणि तिथे थ्रो-इन लिहिला. मिनिट विचारायचं राहिलं.