तिसरा रोल

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी (माणसांचे आणि लग्नांचे फोटो), अविवाहित, आज डोकं ठिकाणावर ठेवून, चष्मा चढवून, आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी एकही केलेलं नाही. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात माझं काही बसेना. शेवटी कलमं त्यांची आणि वाक्यं माझी, असं ठरलं.

कलम १. पहिल्या मजल्यावरचा स्टुडिओ, उत्तरेच्या मोठ्या खिडकीसह, मागची राहती खोली, बँकेतली शिल्लक आणि सगळे कॅमेरे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावेत. ती आत्ताही तिथेच काम करते. तिच्या फोटोंत नवरानवरी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, भलतीकडे बघून हसतात. मी एकदा विचारलं, "अगं, तिकडे कोण उभं आहे?" तर म्हणे, "आत्या, तुला नाही कळायचं." न कळायला काय झालं? मीही एके काळी भिंगावर पायमोजा ताणून नवरीला धुक्यात उभं केलंय, नवरदेवाला गुलाबाच्या फुलात बसवलंय, काळ्या-पांढऱ्या फोटोंवर कापसाच्या बोळ्याने गाल रंगवलेत. ज्यांना फुलात बसवलं त्यांनी आता मोठ्या मनाने घ्यावं. भाचीने वाटेल ती पद्धत वापरावी, जमलं तर दर वर्षी नवी काढावी. फक्त त्या खिडकीला जाड पडदा लावू नये. तसा उजेड कुठल्याही दिव्याने येत नाही.

हे सगळं तिला कलम ४ पाळण्याच्या अटीवर मिळेल. अट मोडली तर स्टुडिओ विकून पैसे वाचनालयाला द्यावेत. तिने रडून दाखवलं तरी वकिलांनी विरघळू नये.

कलम २. जिना रंगवलेला मागचा पडदा पलीकडच्या शाळेला, नाटकांसाठी. जिना सातव्या पायरीनंतर संपतो, हे मास्तरांना सांगून ठेवावं. कॅमेऱ्याची लाकडी तिपाई चौकातल्या झगमगवाल्या फोटोग्राफरला द्यावी. माझी प्रत्येक नवी पद्धत त्याने दोन महिन्यांत उचलली आणि वर आपलीच म्हणून मिरवली. तिपाईचा एक पाय ऐन वेळी खचतो. कोणता, ते त्याला सांगू नये.

कलम ३. धाकटा भाऊ आणि भावजय यांना या कागदातून काहीही मिळणार नाही. राग म्हणून नव्हे. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही ठेवलं तर पुढे भानगड होते, असं वकील म्हणाले. आणि भावजयीला काही देण्यापेक्षा मला तिची सही जास्त हवी आहे. का, ते पुढे येतं.

कलम ४. हे कलम नसतं तर मी मृत्युपत्र केलंच नसतं.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाचे फोटो मी काढले. मोठे काका आधीच म्हणाले होते, "बाईच्या हातात लग्न देऊ नका, नंतर रडाल." तेव्हा या धंद्यात आमच्या भागात बाई म्हणजे मी एकटी. मी चार रोल काढले. तिसऱ्या रोलच्या वेळी भावजय दाराशी बाकावर बसली होती आणि तिचे वडील खाली वाकून तिच्या सँडलचा पट्टा लावत होते. ते कॅमेरा दिसला की पळायचे. त्या दिवशी मात्र हातात पट्टा होता, पळता येईना. तो फोटो मी काढला, आणि पुढचा अर्धा तास त्या दोघांचेच काढत राहिले.

लग्नानंतर नवव्या दिवशी तिचे वडील गेले. हृदय बंद पडलं.

तिसरा रोल कोरा निघाला. धुक्याचा पायमोजा नीट बसवण्याच्या नादात फिल्मचं टोक चाकात अडकवायचं राहिलं होतं. मी कळ ओढत होते, आकडा पुढे सरकत होता, आणि फिल्म जागच्या जागी. बाकीच्या तीन रोलांत मिळून त्यांचा एक खांदा आणि अर्धा कान आहे.

मी घरी येऊन सांगितलं की फिल्म धुताना लॅबवाल्याने औषधात रोल घालवला. एवढं सोपं होतं ते. काकांचं तोंड मला दिसत होतं ना समोर. भाऊ तसाच उठून लॅबवर गेला आणि भर रस्त्यात लॅबवाल्यांना नाही नाही ते बोलला. बाकीच्या फोटोग्राफरांनी ऐकलं. वर्षाच्या आत लॅबचं शटर खाली आलं ते आलंच. त्यांच्यासारखे रंग कोणी उतरवत नव्हतं. पुढे ते पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करू लागले. माझे फ्लॅशही तेच दुरुस्त करतात. इतक्या वर्षांत त्यांनी विषय काढला नाही, आणि मी तर शेळपटच. भावजय अजून त्यांना दुकानदार म्हणत नाही, "तो माझ्या बाबांना धुऊन टाकणारा" म्हणते, आणि त्यांना दाराच्या आत येऊ देत नाही.

म्हणून मी जाहीर करते : लॅबचं काम बिनचूक होतं. चूक माझी, आणि खोटंही माझंच. ती कोरी पट्टी मी जपून ठेवली आहे. फिल्मच्या काठावर कंपनीने आधीच टाकलेले आकडे धुतल्यावर स्वच्छ उमटले आहेत. औषध बिघडलं असतं तर आकडेही उमटले नसते. हे लॅबवाल्यांना पट्टी हातात घेताक्षणी कळलं असणार.

ही पट्टी आणि वर जाहीर केलेली दोन वाक्यं, माझ्या सहीसह, स्टुडिओच्या जिन्याखालच्या दर्शनी काचेत उद्या सकाळी लागतील. मी मेल्यावर नव्हे, उद्या. भाचीने ती कधीही उतरवू नयेत. गिऱ्हाईक पळेल म्हणून भाऊ कुरकुरेल. पळू दे.

लॅबवाल्यांना मी काहीही ठेवत नाही. ठेवलं तर फिटलं असं मला वाटेल, आणि ते फिटणारं नाही.

पुरवणी, आजच, माझ्या हाताने. साक्षीदारांनी मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं वकील म्हणत होते. मी तरी भावजय आणि लॅबवाले, दोघांना समोर बसवून पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचला. कलम ४सुद्धा. भावजय उठली, पट्टी घेऊन खिडकीशी गेली आणि एकेक आकडा बघत राहिली. मग लॅबवाल्यांकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यांचा धंदा त्याच दिवशी बसला असता," ते म्हणाले. "मला वाटलं, माझा तेवढ्याने बसणार नाही."

दोघांनी काय वाटेल ते खाली लिहावं, माझी हरकत नाही.

स्थळ : स्टुडिओ, खिडकीजवळचं टेबल
दिनांक : १४ नोव्हेंबर, सकाळी अकरा

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार १ : (सही) माझ्यासमोर वाचलं आणि सही केली. रोल नंबर तीन, मीच धुतला होता. बरोबर धुतला होता.

साक्षीदार २ : (सही) माझ्यासमोर वाचलं आणि सही केली. माझी ही सही साक्षीची आहे, माफीची नाही. माफीचं मी माझ्या सवडीने बघेन. तोवर ताईंनी मरायची घाई करू नये.