माशांचं गाव कोणतं?

प्रिय वन्सं,

तुमच्या धाकट्या वहिनीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना, की अजून विशीतल्यासारख्या धावता? माझं बरं चाललंय. थोडा दम लागतो, पण तो वयाने नव्हे, बादल्यांनी. तुमच्या भावाच्या टाकीचं पाणी दर रविवारी बदलावं लागतं, आणि हे गेल्यापासून (चौदा महिने झाले, मोजायचे नाहीत म्हटलं तरी मोजले जातात) ते काम माझ्याकडे आहे.

टाकीत आफ्रिकेतल्या एका तळ्यातले सात सिक्लिड मासे आहेत. एक नर, गडद निळा, अंगावर काळे पट्टे, चालण्यात केवढी ऐट! (मासा चालत नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही याला पाहिलेलं नाही.) बाकीच्या सहा माद्या ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या. त्यांना मी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सवरून ओळखते. शिवणाच्या सिस्टर, गणिताच्या सिस्टर, अशा. गणिताच्या सिस्टर कायम फिल्टरमागे, मान खाली घालून.

ही जात दुर्मिळ आहे, असं हे नेहमी म्हणायचे. पण या छंदात नुसती जात सांगून भागत नाही. एकाच तळ्यात या खडकापाशी मासा निळा, तर पलीकडच्या खडकापाशी पिवळा. म्हणून जातीच्या नावापुढे किनाऱ्याचं नाव लावावंच लागतं. ते नसेल तर मासे पाळणाऱ्यांच्या क्लबच्या यादीत ‘ओळख अनिश्चित’ असा शेरा पडतो आणि पिल्लं कुणी घरी नेत नाही. यांनी टाकीवर नावाची चिठ्ठी लावली होती. तिच्यावरची अक्षरं मीच पुसली, वन्सं. काच लख्ख करण्याच्या भरात, ओल्या फडक्याने.

मग मी क्लबच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते पट्टे मोजून निदान जात तरी नक्की करणार होते. माझ्या मोजणीत सकाळी सात होते. त्यांनी मोजले तेव्हा पाच भरले, आणि ते भिंग घेऊन जवळ बसले तर एकही दिसेना.

“वहिनी, तुमचा मासा लाजतोय.”

“लाजत नाही हो, तुमची ओळख नाही अजून.”

शेवटी फोटोसाठी नराला चार दिवस शेजारच्या खोलीत, छोट्या काचपेटीत ठेवायचं ठरलं. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तो काय! मी घाबरून फोन केला, “अहो, गणिताच्या सिस्टर निळ्या पडल्या!” ते ओरडले, “मग अँब्युलन्स बोलवा, मला कशाला सांगता!”

समजूत पटल्यावर आले, आणि बघून हसतच सुटले. सिस्टर मुळात नर निघाल्या. मोठा नर समोर असला की धाकटे असे मळकट रंगात दबून राहतात म्हणे. (चौदा महिने मी त्याला ‘अगं’ म्हणत होते. त्याने एकदाही वाईट वाटून घेतलं नाही.) आता दोघेही वेगवेगळ्या पेट्यांत निवांत आहेत, आणि दोघांचेही पट्टे सात! जात पक्की झाली, भेसळ नाही. शिवणाच्या सिस्टर तर तोंडातच अंडी उबवत तीन आठवड्यांच्या उपासाला बसल्या आहेत. पाच घरं पिल्लांची वाट पाहताहेत. यांचे मासे पाच घरांत पोहतील, वन्सं. अडलंय फक्त किनाऱ्याच्या नावापाशी, आणि महिनाअखेर यादी बंद होते.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. हे पत्र गुडघ्यांसाठी नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. सहा वर्षांपूर्वी मासे आणले त्याच आठवड्यात यांनी तुम्हाला लांबलचक पत्र लिहिलं होतं. (सगळं तुम्हाला लिहायचे, मला फक्त ‘पाकिटं कुठे आहेत’ एवढंच विचारायचे.) त्यात किनाऱ्याचं नाव असणारच. तेवढ्या ओळीची झेरॉक्स पाठवलीत तरी चालेल.

ता. क. २. झेरॉक्स नको. पत्र घेऊन तुम्हीच या. टाकीसाठी यांनी माझं शिलाई मशीन बाल्कनीत हलवलं, म्हणून त्या आठवड्यात मी दोन दिवस अबोला धरला होता. माझ्याविषयी तक्रारी असतील तर त्याही मोठ्याने वाचून दाखवा, मी मध्ये बोलणार नाही. फक्त किनाऱ्याचं नाव तेवढं सगळ्यात शेवटी वाचा.