मागनं चार आणे, पुढनं बारा

आत्याबाई,

काल तुमच्या पणतीनं मला हिंजवडीच्या थेटरात नेऊन तामिळ पिक्चर दाखवला. पणती म्हणजे माझ्या, तुमच्या सुनेच्या, थोरल्याची लेक. तुम्ही तिला बघितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच अजून चड्डीची नाडी माझ्याकडून बांधून घेत होता. थेटरातल्या खुर्च्या एवढ्या मऊ की बसलं की माणूस आतच जातं. मक्याच्या लाह्यांचा एक पुडा घेतला, त्याची किंमत ऐकून मी तो परत द्यायला निघाले होते. पोरगी म्हणाली, "आजी, घेतलेलं परत घेत नाहीत इथं." म्हटलं मग निदान पुडा तरी घरी न्यायचा, डाळ ठेवायला होईल. आणलाय. तुम्ही असतात तर शेजारच्यांचे टाकलेलेही आणले असते.

पिक्चरमध्ये एक जेवणावळ होती. केळीची पानं मांडलेली, हिरो मांडी घालून बसला आणि भात कालवायला लागला. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बया, हा तर उजव्या हातानं जेवतोय." पुढचे दोघंतिघं मागं वळून बघायला लागले. पोरगी म्हणाली, "मग कशानं जेवेल, आजी?" आणि मला जे हसू आलं ते काही केल्या आवरेना. पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं. पोरीला वाटलं आजीच्या घशात लाही अडकली, ती पाठ चोळत बसली. घरी आल्यावर तिनं खोदून खोदून विचारलं, पण मी सांगितलं नाही. हे आधी तुम्हाला सांगायला पाहिजे. म्हणून तिच्याच वहीची पानं घेऊन बसलेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, तुमची तेवढीही नाही, तेव्हा चुका कोण काढणार.

पिरंगुटला कारखान्यांच्या शेडी उठत होत्या ते साल आठवा. आपलं भात निघालं आणि रस्त्याकडचं खाचर मोकळं झालं, तेव्हा तो तंबूवाला दारात आला होता. कामावर मद्रासकडचे गवंडी होते, पन्नासएक बिऱ्हाडं, बायकापोरांसकट पत्र्याच्या आणि चटयांच्या झोपड्यांत राहायची. त्यांच्यासाठी दर रविवारी दिवेलागणीनंतर त्यांच्या बोलीतला पिक्चर दाखवायचा म्हणून त्याला जागा पाहिजे होती. आपण तेव्हा सगळ्यांनाच मद्रासी म्हणायचो. पणती मला दटावते, "आजी, तामिळ म्हण." बरं बाई, तामिळ.

तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं असायचं. मशीन एका बाजूला. त्या बाजूला बसायचे बारा आणे, आणि कापडाच्या पाठीमागं बसलं तर चार आणे, कारण कापड पातळ, चित्र आरपार दिसायचं. तुम्ही तंबूवाल्याला विचारलंत, "कापड त्येच, चित्र त्येच. मागनं बगितलं म्हून काय झिजतंय का त्ये?" तो हसला. तुम्ही गल्लीतल्या सगळ्या बाया गोळा करून मागच्या बाजूला पोत्यावर नेऊन बसवल्यात. बोली कुणालाच कळत नव्हती, अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती, मग जादा आठ आणे कशाला, हे तुमचं म्हणणं. आजही मला त्यात काही खोट दिसत नाही.

खोट एवढीच होती की मागून चित्र उलटं दिसतं. उजवं ते डावं. आपल्याला काय ठाऊक, तुम्ही जन्मात दुसरा पिक्चर बघितला नव्हता आणि मीही नाही. त्यामुळं त्या पडद्यावरची समदी माणसं डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं कुंकू लावायची, बापाच्या पाया पडताना डावा हात पुढं. पदर उजव्या खांद्यावर. तुम्ही दुसऱ्याच रविवारी निकाल दिलात, "अख्खा मुलूख डावखुरा हाय बाई." तुमचा लेक पुढं बसून आलेला, तो म्हणाला, "आई, मागनं उलटं दिसतंय." तुम्ही त्याच्याकडं बघून म्हणालात, "उलटं असतं तर माणसं डोक्यावर चालली असती. बारा आणे घालवल्यावर असंच सुचतंय."

आणि गोष्ट तुम्ही सांगायच्या. मोठ्यानं, समद्यांना ऐकू जाईल अशी. पडद्यावरची बाई रडायला लागली की तुम्हाला लगेच कळायचं की दिरानं तिचं खाचर लाटलंय. म्हातारा छाती धरून पडला की, "म्हशीचं ऐकलं वाटतं त्येनं, पोरानं म्हस विकली." हिरो-हिरवीण भाताच्या वावरात नाचायला लागली की तुमचा जीव वर-खाली व्हायचा. "अरं मुडद्या, रोप तुडवतुयास, लावणीला कोण तुजी आय येनार?" एकानं रागानं भाताचं पातेलं लाथाडलं तेव्हा तुम्ही तो पिक्चर संपेस्तोवर त्याला माफ केलं नाही, त्यानं शेवटी जीव दिला तरी. बायकांच्या वेणीतली फुलं बघून म्हणायच्या, "एवड्या गजऱ्यात आपला म्हैन्याचा मीठ-मसाला निगंल." पण एक मात्र तुम्ही मान्य करायच्या, की ही माणसं रडायला कमी करत नाहीत. चार आण्यांत तीन तास रडायला मिळतं, पैसे वसूल. कालच्या पिक्चरमध्ये रडणं फार थोडं होतं. मोटारीच उडवत होते, एकावर एक, नव्या कोऱ्या. मी मनात म्हटलं, आत्याबाईंना हे बघवलं नसतं.

आता खरं ते सांगते. तुमच्या लेकाचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं होतं. एकदा पुढून बघावं, नक्की काय आहे ते कळावं, एवढंच. तेव्हा माझं वय ते किती, एकोणीस. संक्रांतीच्या आधी तुम्ही मला बाजारात बांगड्या भरायला पाठवलंत, डझनाचे पैसे देऊन. मी निम्म्याच भरल्या. बाकीचे पैसे पदराच्या टोकाला. दारात पाऊल ठेवलं आणि तुम्ही मनगट धरून मोजल्यात. तुम्ही विचारलंत, "निम्म्याच?" मी मान खाली घातली. तुम्ही आपल्याच मनानं म्हणालात, "शानी हायेस. हात भरलेला दिसल्याशी कारन. उरल्यालं तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे, पर मोडू नगंस." आणि मग अख्खी गल्ली हिंडून सांगितलंत, आमच्या सुनेनं बांगड्या निम्म्या भरल्या आन् पैका राखला. चार दिवसांनी कनवटीचा तो खणाचा बटवा काढून माझ्या हातात दिलात. घराचा समदा खर्च. तुमच्या सासूनं तुम्हाला तो सात-आठ वर्षांनी दिला होता, मला दीड वर्षात मिळाला.

त्याच रविवारी मी तुम्हाला म्हटलं, "तुमी व्हा पुढं, म्हशीची धार काढून येते." आणि धार काढून, तोंडावर पदर ओढून, त्या राखलेल्या पैशातले बारा आणे देऊन मी पुढच्या बाजूला गेले. बायकांच्या कोपऱ्यात दाटी होती. एका गवंड्याची बायको, काळीसावळी, पोटुशी, नाकात दोन्हीकडं चमक्या, तिनं सरकून आपल्या चटईवर मला जागा दिली. पडद्यावर लग्नाची पंगत बसली होती. सगळे उजव्या हातानं जेवत होते. मी तिच्या कोपराला धरून बघतच राहिले. ती हसली, तिला वाटलं मला भूक लागलीये.

मग होळीनंतरचा तो दिवस. तीच बाई आणि तिचा नवरा आपल्या अंगणात. गोठ्याशेजारची खोली मागायला आले होते. पाऊसकाळ पुढं, झोपड्या गळणार, आणि तिचे दिवस भरत आलेले. मोडक्या हिंदीत तिचा नवरा बोलत होता. तिनं मला बघितलं, ओळखलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, "अक्का, शिनेमा..." मी तुमच्या पाठीमागं उभी होते. मी डोळ्यांनी तिला नको म्हटलं. ती तिथंच थांबली.

तुम्ही म्हणालात, "मानसं भली दिसत्यात. पर डाव्या हातानं जेवनारी. माज्या घरात अन्नाला डावा हात लागला तर लक्ष्मी थांबंल का? न्हाई जमायचं." माझ्या कंबरेला बटवा होता. मला फक्त एवढं बोलायचं होतं की आत्याबाई, ती माणसं उजव्याच हातानं जेवतात, मी पुढं बसून बघितलंय. एवढं बोलले असते तर तिला खोली मिळाली असती आणि माझा बटवा गेला असता, आणि गल्लीभर झालेलं माझं नावही. मी बटवा पदराखाली सारला. ती एका हातानं कंबर धरून हळूहळू रस्त्याला लागली. जाताना वळून माझ्याकडं बघितलं, तेही रागानं नाही. तिनं माझं झाकलं आणि मी तिचं काहीच केलं नाही, हे मला भाकरी थापतानाही सुचू देईना. दोन दिवस भाकऱ्या करपल्या. तुम्ही विचारलंत, "ध्यान कुटं हाय?"

तिसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात तांदूळ पाखडत होता तेव्हा मी तिला झोपडीवरून घेऊन आले. तुम्हाला म्हटलं, बाई पोटुशी हाय, दारावरून उपाशी कशी जाऊ द्यायची. यावर तुम्हाला काही बोलता येणार नव्हतं, ते मला ठाऊक होतं. ताटात भात आणि कुळथाचं कालवण वाढून मी तिला बरोबर तुमच्या समोर बसवलं. तिनं हात धुतले आणि उजव्या हातानं असा सुरेख भात कालवला, अख्खा पंजा घालून, की तुमचं सूप हातातच राहिलं. ती पोटभर जेवली, ताट घासून ठेवलं, गेली. मी म्हटलं, "बगितलंत नव्हं?"

"बगितलं," तुम्ही म्हणालात आणि सूप खाली ठेवलंत. "लई गुनाची बाई. आपलं बगून हात बदलला तिनं. परक्या मुलखात येऊन जल्माचा हात बदलायचा म्हंजे काय सोपं हाय व्हय? जा, तिला सांग, खोली घे म्हनावं." मी दारातून बाहेर पडले तोवर पाठीमागून हाक आली, "आन् ह्येबी सांग, घरात तिच्या जल्माच्या हातानं जेवली तरी चालंल. माज्यासाटी कष्टू नगं म्हनावं. लक्ष्मीला मी समजावते."

अशी ती आपल्या घरात आली. आणि तुम्ही शब्दाला एवढ्या पक्क्या की ती जेवायला बसली की तुम्ही तोंड भिंतीकडं करून बसायच्या, तिला मोकळेपणानं डाव्या हातानं जेवता यावं म्हणून. "जेव गं, मी न्हाई बगत." आठवड्यानं ती मला गोठ्यात गाठून म्हणाली, "अक्का, अम्मा मेरेकू पाठ क्यों दिखाती?" तेव्हा मी तिला पहिल्यापासून समदं सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं हातवारे करून. ती शेणाच्या पाटीवर हात टेकून एवढी हसली की मला भीती वाटली, इथंच बाळंत होते की काय. मग डोळे पुसून म्हणाली, "अम्मा को नको बोलना. अम्मा अच्छा." तुम्ही तिचं बाळंतपण केलंत, तिच्या लेकीच्या कानात तुम्हीच पहिली फुंकर घातलीत. शेडी उठल्यावर ती माणसं गेली. पुढं कुणीही मद्रासकडचं नाव काढलं की तुम्ही सांगायच्या, "डावखुरी खरी, पर मनं मोठी." शेवटपर्यंत तेच सांगत गेलात. मी शेजारी बसून हो म्हणायची.

तर बटवा मी तुमच्याकडून फसवून घेतला, आत्याबाई. पण राखला नीट. दोन लेकरं शिकली, खोल्या वाढल्या, आज त्यात कारखान्याची पोरं भाड्यानं राहतात, कुठकुठली. त्यांच्या जेवणाकडं मी बघत नाही. पणती म्हणते खर्चाचं आता समदं फोनमध्येच असतं. बटवा कपाटात आहे, आतून विरलाय. हे कागद घडी घालून त्यातच ठेवणार, कुठं टाकायचे नाहीत.

बारा आण्यांची चुटपुट मला कधी लागली नाही, तो खर्च होऊन गेला. पण त्या रविवारी तुम्ही मला मागच्या बाजूला बघितलंत, पिक्चर निम्मा झाला होता, आणि विचारलंत, "एवढा येळ धार काढत हुतीस?" मी म्हटलं, म्हस पान्हवत नव्हती. खोटं. मी तंबूच्या कनातीखालून घुसून आले होते. पुढून चित्र समदं सरळ दिसत होतं, हात, पदर, समदं जागच्या जागी. पण पिक्चरमधल्या बाईनं कुणासाठी रडायला घेतलंय ते मला काही केल्या कळेना, आणि पडद्याच्या पलीकडून तुमचा आवाज येत होता.