काजं कुणी करायची

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सुईत दोरा ओवला की तुझा आवाज कानावर येतोच: "ठेव ते! अभ्यासाला बस." शिवाजी पेठेतलं आपलं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आबा मशिनीवर, आणि तू मागं भिंतीला टेकून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शर्टांची काजं करत बसलेली. मशीन बाप्यांची, काजं बायकांची, असंच सगळीकडं होतं. एकदा टेरिकॉटचा शर्ट टाकायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "बायकांचं बरं असतंय. कितीबी येळ त्येच काम द्या, कंटाळा म्हणून न्हाय." तू सुई खाली ठेवलीस. "कुणी सांगितलं? जीव विटलाय माझा! दिवसभर भोकं शिवतीया, सपनात बी भोकंच दिसत्यात." तो गेला, तसे आबा उठले आणि म्हणाले, "बस मशिनीवर. बघू की."

काय सांगू, पायडल मारताना तुझा चेहराच बदलला. गुणगुणायला लागलीस! आणि आबा भिंतीला टेकून काजं करतायत, पूजेला बसल्यासारखे शांत. मुळात सोशिक ते, उतावळी तू. लोकांनी उलटंच धरलेलं. गिऱ्हाईक आलं की तुम्ही घाईघाईनं जागा बदलायचा. एक दिवस तू उठलीच नाहीस. दारातला पावणा बघतच राहिला. "काय मास्तर, तुमच्या हातात सुई?" मशीन न थांबवता तूच म्हणालीस, "त्यास्नी कंटाळा येत न्हाय, मला येतोय. शर्ट चांगला पायजे का शिवणाऱ्याला मिशा पायजेत?" पेठ हसली, आबाही हसले. तू मात्र पुन्हा त्या भिंतीला टेकली नाहीस. किती अभिमान वाटला होता मला तुझा!

मला तू सुईला शिवू दिलं नाहीस. "माझ्या पोरीचा जीव असा कुजायचा न्हाय," म्हणून टायपिंगला घातलंस, नोकरी लागल्यावर पेढे वाटलेस. ऑफिसात रोज तीच ती पत्रं. शेजारचा कारकून जांभया देऊन बेजार, आणि मी मजेत. घरी येऊन तुला म्हणायची, काम बाई रोज नवीन असतं. तू खूश.

आता हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. नातवाच्या झबल्यांना मी हातानंच काजं करते. सून म्हणते, दुकानात मशीनवर करून मिळतात की. मी ऐकत नाही. आई, मला काजं करायला आवडतं गं. आबांवर गेलेय मी. तू समोर असतीस तर हे सांगायची माझी छाती झाली नसती.