धोंडीचे घर आणि मादाम डोनाची मालमत्ता

मी, धोंडी, कै. बाबूराव यांची मुलगी, कै. जयराम यांची विधवा, वय वर्षे सत्तावन्न, राहणार पेती राफ्रे, मॉरिशस, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रागावलेली मात्र आहे, आणि रागात माझे डोके जास्त चालते. पोर्ट लुईच्या नोटरीने सांगितले की आपल्या हाताने लिहून, तारीख घालून सही केली की पुरे, साक्षीदार लागत नाहीत. नोटरीला लागत नसतील. माझ्या भावाला मी ओळखते, म्हणून दोन जण समोर बसवले आहेत. आधीच्या मृत्युपत्रात सगळे भावाला दिले होते. ते आज सकाळी चुलीत घातले.

१. प्रथम माझ्या नावाविषयी. माझ्या आधी आईची तीन मुले गेली. म्हणून बारशाला माझ्या आत्याने माझ्या कानात धोंडी हे नाव सांगितले. धोंडा कोणी उचलून नेत नाही, यमही नेणार नाही, असा तिचा विचार. मी जगले. आठ वर्षांनी देवराज झाला, तोवर घरातली भीती गेली होती, म्हणून त्याला एवढे भारी नाव मिळाले. मी धोंडी झाले म्हणून तो देवराज होऊ शकला. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही, आता लिहून ठेवते.

२. माझ्या यजमानांची सुतारकामाची हत्यारे, म्हणजे करवती, रंधे, पटाश्या आणि पेटी, माझा चुलतभाऊ परशुराम, राहणार माएबूर्ग, याचा मुलगा जंबो यास द्यावीत. परशुराम विमानतळावर सामान चढवतो. मोठे विमान पहिल्यांदा पाहून आला त्याच आठवड्यात मुलगा झाला, आणि त्याने नाव जंबो धरले. मी त्याला पुष्कळ बोलले. पोर पुढे बारीक निघाले तर लोक हसतील, असेही सांगितले, आणि ते काडीसारखे निघाले आहे. पण परशुराम पाळण्यापाशी हात जोडून म्हणाला, "आक्का, तुला पटत नाही, मला ठाऊक आहे. पण तू सांगितल्याशिवाय ते नाव लागणार नाही." मी हसू दाबून जंबोच्या कानात जंबो सांगितले. मान दिला की मी कसलेही नाव सांगते.

३. आता देवराज. त्याची बायको चंद्रिका हिची पहिली दोन बाळे गेली, एक पाचव्या दिवशी, एक तिसऱ्या महिन्यात. एकोणीसशे बाहत्तर साली मुलगी झाली. बारशाला मी सुनयना हे नाव मनात धरून रोझ हिलला त्यांच्या घरी गेले. बघते तर टेबलावर केक, आणि केकवर गुलाबी साखरेने लिहिलेले रोक्सान. बाबूरावांची नात रोक्सान. बाबा जन्मभर उसाच्या शेतात राबले, त्यांना हे नाव उच्चारता आले नसते. मी म्हटले, नाव आत्या ठेवते. चंद्रिका ऑफिसच्या पन्नास पाहुण्यांदेखत म्हणाली, "वन्सं, नाव केकवर लिहून झालंय. आणि धोंडी नावाच्या बाईनं माझ्या तिफीचं, माझ्या लेकीचं नाव ठरवायचं?" पाहुणे हसले. देवराजही हसत म्हणाला, "लेस, आक्का, सोड. तू फक्त वाक आणि कानात बोल."

तो हसला नसता तर मी आज वेगळे लिहिले असते.

४. त्या दिवसापासून चंद्रिका लोकांना माझी ओळख मादाम डोना अशी करून देते. तिच्या वास्तुशांतीच्या निमंत्रणावरही तेच छापले होते. ते कार्ड मी जपून ठेवले आहे आणि ते चंद्रिकाला देत आहे. तसेच मादाम डोना नावाच्या बाईची जगात जेथे जी काही मालमत्ता असेल, घर, दागिने, मोटार, ती सर्व चंद्रिकाला मिळावी. ती बाई तिने स्वतः शोधून काढावी. माझी भांडी, तांब्याचा बंब आणि शिलाई मशीन शेजारीण गंगा हिला द्यावे, कारण ती मला कुंपणावरून रोज माझ्या नावाने हाक मारते.

५. आता जे बारा वर्षे कोणाला सांगितले नाही ते लिहिते. देवराज म्हणाला तशी मी पाळण्यावर वाकले आणि पोरीच्या कानात बोलले. रोक्सान म्हटले नाही, सुनयनाही म्हटले नाही. धोंडी म्हटले. तिच्या आईचा सूड म्हणून म्हटले, की आधीची दोन गेली होती म्हणून भिऊन म्हटले, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्ही खरे असेल. मग मी पाळणा म्हटला आणि केक न खाता बसने घरी आले. पोर जगली. केकवरच्या नावाने जगली असे ज्यांना वाटते त्यांनी तसे समजावे.

या ऑगस्टच्या सुट्टीत नवराबायको फ्रान्सला फिरायला गेली आणि पोरीला माझ्याकडे ठेवून गेली. तेव्हा धोंडी चालली. पोरीने विचारले, "आत्या, बारशाला तू मला कानात काय म्हणालीस?" मी सांगून टाकले. ती खूप हसली, मग म्हणाली, "म्हणजे आपण दोघी सेम." परवा गंगाने कुंपणावरून "धोंडी" अशी हाक मारली, तर माझ्याआधी पोरीनेच ओ दिली.

६. म्हणून माझे राहते घर, पंच्याहत्तरच्या वादळानंतर यजमानांनी नवे घातलेले छप्पर, लीचीचे झाड व आवार यांची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी. माझ्या तेराव्याला सगळे जमल्यावर चंद्रिकाला पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. केक आणू नये. हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे. मग देवराजने अंगणात उभे राहून, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, धोंडी अशी एकदा हाक मारावी. त्याने मारली नाही तर घर मंदिराच्या मंडळाला जाईल, आणि आपली लाज किती महाग पडली हे त्याने मुलीला समजावून सांगावे. त्याने मारली तर कोणीतरी ओ देईल. जी ओ देईल तिचे हे घर. ती सज्ञान होईपर्यंत किल्ली गंगाकडे राहील.

देवराज, हाक नीट मार. लहानपणी अंधारात भीती वाटली की मारायचास तशी मार.

हे सर्व मी वाचून पाहिले व खाली सही केली.

सही: धोंडी जयराम (थोरली)

समक्ष साक्षीदार:
१. सत्यदेव, पुजारी, पेती राफ्रे
२. इंद्रदेव, मराठी वर्गाचे शिक्षक, पेती राफ्रे
(गंगाला यात वाटा आहे, म्हणून तिची सही घेतली नाही. ती रुसली आहे.)

ठिकाण: पेती राफ्रे, मॉरिशस
दिनांक: १९ ऑगस्ट १९८४