पैशावरचा घोडा

अप्पा, आज डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं आणि विचारलं, घरात आधी कुणाला होता का. मी चिठ्ठी घेऊन घरी आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून मोठमोठ्या अक्षरांत लिहायला बसलेय.

भालकीचं आपलं शिवणकामाचं दुकान. रविवारी मशीन बंद, आणि पोस्टमास्तर नि किराणावाले अण्णा आपापल्या नाण्यांच्या डब्या घेऊन ओट्यावर हजर. बाजारात निजामाची हाली नाणी अजून चालायची, पण तुम्हा तिघांना नाद नव्या नाण्यांवरच्या जनावरांचा. अण्णा वाघाची झिजलेली पावली पुढं करतात आणि म्हणतात, "दात पडलेत ह्याचे. दुधात भाकर कुस्करून घाला." तुम्ही दोन आण्यांवरचा बैल दाखवता, "वशिंडच न्हाई, जू ठेवायचं कुठं?" मी आत शर्टांची काजं करता करता हसतेय. मग पोस्टमास्तर कागदाच्या पुडीतून पैसा काढतात. "घोडा आणलाय बघा." तुम्ही तो उलटापालटा करता, उजेडाकडं धरता. "मास्तर, रिकामा तबेला कामून आणलात? घोडा कुठाय?" दोघं पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, जरा उशिरा.

ते गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत आणि मास्तरांनी तुम्हालाच दिलेला तो पैसा माझ्या तळहातावर ठेवलात. "घोडा दिसायलाय का गं ह्याच्यावर? खरं सांग. दिसत आसंल तर उद्याच सोलापूरला डोळे दाखवून येतो." पैसा कोरा करकरीत होता. घोडा लख्ख दिसत होता, शेपटीसकट. पण तुम्ही माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि तुमची भीती जावी एवढंच मला कळत होतं. "न्हाई अप्पा, झिजलाय."

"व्हय? मग बरं," म्हणालात, आणि चहा मागितलात.

दिवाळीपर्यंत तुम्ही कापड चाचपून बेतायला लागलात. पुढं सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर उरलेली नजर वाचली असती. मशीन विकलं. उशीर केला म्हणून आई तुम्हाला बोल लावायची, तेव्हा तुम्ही ठासून सांगायचात, "पोरीनं बघितलंय. घोडा न्हवताच त्याच्यावर." मी तिथंच भाकरी थापत असायची. मला माफ करू नका, अप्पा.

तो पैसा आता माझ्या हातात आहे. हे पत्र त्याच्याच डबीत ठेवीन. मला त्याच्यावर काही दिसत नाही. लेक शेजारच्या खोलीत आहे. तिला हाक मारून विचारता येईल. पण तिचा माझ्यावर फार जीव आहे, म्हणून भीती वाटते.