हिच्या विश्वासाचा बचाव

रविवार, १ सप्टेंबर

ही आज चर्चला आली नाही. ताप नाही, पाहुणे नाहीत. नुसतं म्हणाली, तुम्ही जा. कारण विचारलं तर म्हणाली, तुम्हीच विचार करा.

वाटेत विचार केला. चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत उत्तर सापडलं. मेहुणा.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि देव मानत नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये बायबलमधली वचनं पाठ म्हणण्याचं बक्षीस दरवर्षी त्यालाच मिळायचं. ती बक्षिसं अजून त्याच्या शोकेसमध्ये आहेत. तत्त्वाचा माणूस असता तर परत केली असती. हल्ली तो हिला आपल्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवतो. बंद गाडीत कानात काय काय भरवत असेल!

आमच्याकडे प्रार्थनेच्या वेळी माईक फिरतो. ज्याला विनंती सांगायची त्याने उभं राहून सांगावी. मी उभा राहिलो आणि हिचा देवावरचा विश्वास डळमळल्याचं मंडळीला सांगितलं. हिच्या बाबतीत मी कधी हयगय केलेली नाही. गेल्या महिन्यात हिच्या घोरण्यासाठी सगळ्यांकडून प्रार्थना करून घेतली. ही ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाली, रिव्हर्स टाकताना हिला घाम फुटतो, हेही मागच्या रविवारी देवापुढे ठेवलं. बाहेर पडताना चार जणांनी हिला रिव्हर्सबद्दल विचारलं. इतकी माया करणारी मंडळी सोडून ही घरी बसते!

सोमवार, २ सप्टेंबर

कामावरून परस्पर चर्चच्या पाळकांकडे गेलो. म्हटलं, विश्वासाचा बचाव करायचा आहे, काय वाचू? ते म्हणाले, ब्रदर, कुणापासून? म्हटलं, फिजिक्सपासून.

त्यांनी कपाटातून चार पुस्तकं काढून दिली. लाल: देव आहे याचे पुरावे. निळं: जगात दुःख का. हिरवं: पुनरुत्थान खरंच झालं का. तिन्ही जाडजूड, डांबरगोळ्यांचा वास येणारी. चौथी एक पातळ पुस्तिका, समोरच्याचं म्हणणं ऐकून कसं घ्यावं यावर. पाळक म्हणाले, सुरुवात या पुस्तिकेपासून करा. दोनदा म्हणाले. मी मान डोलावली. पण इतक्या पातळ पुस्तकाने कुणाचा काय बचाव होणार?

संकल्प: रोज पहाटे उठून वाचन. महिनाअखेर तिन्ही संपवायची. मग हिचं शंकानिरसन. वेळ उरला तर मेहुण्याचंही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

उठायला उशीर झाला. असल्या वाचनाला ताजं डोकं लागतं आणि ताज्या डोक्याला झोप. उद्यापासून.

गुरुवार, ५ सप्टेंबर

लाल पुस्तक सुरू. प्रस्तावनेत लेखकाने बायकोचे आभार मानले आहेत. चांगल्या घरचा दिसतो. महत्त्वाच्या ओळींखाली पेनाने खुणा करत गेलो. सगळ्याच महत्त्वाच्या निघाल्या. नवव्या पानावर पेन संपलं, म्हणून थांबलो.

ही भांडी पुसत होती. मी दोन वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाली, मला का सांगताय? म्हटलं, शंका असेल तर विचार. तिने विचारलं, गॅसचा नंबर लावलात का? विषय टाळते आहे.

शनिवार, ७ सप्टेंबर

प्रत्यक्ष सराव. एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे दुरुस्तीला गेलो, वॉशिंग मशीन पाणी बाहेर सोडत नव्हतं. ड्रेन पंप उघडला. आत हेअरपिन आणि एक मोजा. संधी साधून पंप वर धरला आणि विचारलं, बाई, हा पंप आपला आपण तयार झाला असेल का? त्या म्हणाल्या, नाही बुवा. मग म्हटलं, एवढं विश्व आपलं आपण कसं होईल?

बाईंनी विचार केला. म्हणाल्या, हे मशीन ज्याने केलं त्याने वॉरंटी संपल्याच्या पुढच्याच महिन्यात बिघडेल असं केलं. माझे गुडघेही साठीपर्यंत उत्तम होते. एकाच कंपनीचा माल दिसतोय.

यावर उत्तर असणार. दहाव्या पानावर असावं.

निघताना मशीन हलत होतं. एका पायाखाली काहीतरी पातळ हवं होतं. पिशवीत ती पुस्तिका होती. अगदी बेतशीर बसली. कुठलंही पुस्तक वाया जात नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

ही सकाळी मी उठायच्या आत मेहुण्याबरोबर गाडी घेऊन गेली. मी चर्चला निघताना परत आली. चेहरा प्रसन्न. पापाचा आनंद असाच असतो म्हणतात. माईकवर मंडळीला ताजी माहिती दिली. पाळकांनी विचारलं, ब्रदर, ती पुस्तिका? म्हटलं, एका बहिणीच्या घरी तिचा फार आधार झाला आहे. त्यांचे डोळे भरून आले.

सोमवार, ९ सप्टेंबर

संध्याकाळी मेहुणा चहाला आला. मी पंपाचा दाखला दिला. वॉरंटीचा भाग गाळला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हे त्याचं एक वाईट आहे. मग म्हणाला, दाजी, पण त्या करणाऱ्याला कुणी केलं? याला पुस्तकात काय उत्तर दिलंय? म्हटलं, आधीच सांगून तुझी मजा घालवत नाही. मग तो पुस्तकच मागून घेऊन गेला.

आजचा दिवस आपला. शत्रू स्वतःच्या पायाने आपलं पुस्तक घेऊन गेला आणि माझंही वाचन एकाने कमी झालं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

निळं पुस्तक. जेवणापूर्वी दुःखाचा प्रश्न सोडवायला बसलो, आडवा झालो आणि त्याच्यावरच डोळा लागला. उठलो तर गालावर पुस्तकाच्या कडेचा वळ. हिने विचारलं, हे काय? म्हटलं, दुःखाचा प्रश्न. ही हसली. किती दिवसांनी. मग समोर बसली आणि म्हणाली, अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मी बोट वर केलं, एवढा मुद्दा संपू दे. मुद्दा पाच पानं चालला. मान वर केली तेव्हा ही स्वयंपाकघरात होती आणि भांडी आपटत होती.

मुद्दा काय होता तो उद्या परत पाहतो.

रविवार, १५ सप्टेंबर

आज मुद्दाम लवकर उठलो. गाडी निघाली तशी स्कूटरवर मागे लागलो. मला वाटलं, नास्तिकांची सभा वगैरे असेल. गाडी दोन चौक ओलांडून एका चर्चसमोर थांबली. दुसऱ्या मंडळीचं चर्च, सकाळची पहिली उपासना. ही डोक्यावर पदर घेऊन आत गेली. मेहुणा गाडीतच बसला आणि वाचू लागला. लाल पुस्तक.

मी काचेवर टकटक केलं. तो दचकला नाही. म्हणाला, दाजी, सहावं प्रकरण भक्कम आहे, पटलं नाही पण भक्कम आहे, तुम्हाला काय वाटलं? म्हटलं, सहाव्याचं मग बघू, ही इथे काय करते आहे? तो म्हणाला, प्रार्थना. आज दुसरा रविवार. आमच्या ताईची देवाबद्दल काही तक्रार नाही, दाजी. माईकबद्दल आहे.

म्हटलं, पण मी तिच्यासाठीच तर मागतो. तो म्हणाला, हो ना, आणि दर रविवारी दीडशे माणसं तिला विचारतात, झोप कशी लागते.

उन्हात उभं राहून चक्कर आल्यासारखं झालं. नाश्ता झाला नव्हता.

शनिवार, २१ सप्टेंबर

आठवडाभर मनाची तयारी करून आज बोललो. पुस्तकं बाजूला ठेवली. ही बरंच बोलली. मी मध्ये फक्त तीनदा बोललो, ते गरजेचं होतं. ठरलं: उद्या ही माझ्याबरोबर चर्चला येईल, मी माईकला हात लावणार नाही. मग ही उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, गुरुवारी टेस्टमध्ये चौथ्यांदा नापास झाले, भाऊ सोडून कुणाला ठाऊक नाही, तुम्हाला म्हणून सांगते.

किती वर्षांनी हिने मला गुपित सांगितलं! शपथ घेतली. जीव गेला तरी तोंड उघडणार नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

ही आली. शेजारी बसली. गाण्याचं पुस्तक दोघांत एक. माझं मन इतकं भरून आलं की उपदेश कशावर होता ते सांगता येणार नाही, अर्थात एरवीही येत नाही. माईक फिरू लागला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. माईक आमच्या बाकावर आला, पुढे गेला. जिंकलो.

मग पाळक म्हणाले, आता कुणाला उपकारस्तुती करायची आहे का? विनंती म्हणजे मागणं, उपकारस्तुती म्हणजे आभार. करार विनंतीचा होता. मी उभा राहिलो. म्हटलं, प्रभूने माझी बायको परत दिली. माझीच लाज वाटून ती दुसऱ्या चर्चला जात होती, पण प्रभूने मला गप्प राहायला शिकवलं. आणि तिची नम्रता एवढी की चौथ्यांदा नापास होऊनही...

तिथे थांबलो. पण फार पुढे जाऊन थांबलो होतो.

ही उठली. पर्स उचलली आणि बाहेर गेली. मी मागे धावलो. आम्हाला सोडायला आलेला मेहुणा फाटकाच्या आत गाडीत वाचत बसला होता. हिने त्याला शेजारच्या सीटवर सरकवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि दोन स्कूटर आणि एक कुंडी चुकवून अख्खी गाडी रिव्हर्समध्ये एका दमात रस्त्यावर काढली.

प्रार्थना ऐकली जाते. फक्त आत जाऊन हे सांगावं असं आज पहिल्यांदाच वाटलं नाही. चालत घरी आलो.

रविवार, २९ सप्टेंबर

आठवडाभर घरात गरजेपुरतं बोलणं. मीठ आहे, मीठ नाही, एवढंच. हिरवं पुस्तक उघडलं नाही. ही आज पुन्हा पहाटे तिकडे.

आमच्याकडे पाळकांनी जाहीर केलं की माईक बिघडला आहे, यापुढे प्रार्थना मनातल्या मनात. नंतर मी म्हटलं, आणा, दुरुस्त करून देतो, माझं कामच ते. नको म्हणाले. पुन्हा म्हटलं. पुन्हा नको म्हणाले, जरा घाईने.

सगळे डोळे मिटून गप्प बसले. मीही. इतक्या वर्षांत मला माईकवर कधी वेळ पुरला नाही. आज म्हटलं, ती परत येऊ दे. संपलं. पुढे काही सुचेना. वर पंख्याचा आवाज, कुणाचं तरी पोट वाजलं.  इतकी वर्षं आपण माईकवर काय बोलत होतो?

घरी आलो तेव्हा ही भाजी निवडत होती. मान वर न करता विचारलं, आज काय काय मागितलंत? म्हटलं, सांगणार नाही.

हिने हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खरं तर सांगण्यासारखं एवढुसंच होतं.